कोकणपट्टीत बियांपासून सेलरी: पेरणीची वेळ, रोपं आणि काय काय बिघडतं

वळचण

सेलरीचे प्रश्न दरवर्षी डिसेंबरात येतात आणि तेव्हा उत्तर एकच उरतं: उशीर झाला. म्हणून धागा ऑगस्टातच काढतोय.

आधी हिशेब. बी रुजायला दोन ते तीन आठवडे. रुजल्यावर रोप लावणीजोगं व्हायला आणखी सात-आठ. लावणीनंतर पूर्ण झाड कापायला ८५ ते १२० दिवस, जातीप्रमाणे. या झाडाला १५ ते २१ अंश मानवतात. पारा बराच काळ २७ च्या वर राहिला की दांडे चिवट आणि कडवट होतात. किनाऱ्यावर दुपारचे ३०-३२ अंश जानेवारीतही चुकत नाहीत. पण नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री उतरतात, आणि आपल्याकडे सेलरी होते ती त्या रात्रींच्या जिवावर. तेवढे अडीच-तीन महिने रोप जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत असायला हवं, ट्रेमध्ये नव्हे. उलटं मोजत आलं की पेरणी पडते सप्टेंबरच्या पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात, साधारण गणपतीच्या आगेमागे. लावणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. बाहेरचे दांडे जानेवारीअखेर, पूर्ण झाड फेब्रुवारीत.

अपेक्षाही आत्ताच ठरवा. मॉलमध्ये मिळते तशी जाड, फिकट, रसाळ जुडी समुद्रसपाटीला होत नाही. होते ती अंगठ्यापेक्षा बारीक दांड्यांची, गडद हिरवी, वासाला तिखट. सूप, फ्राइड राइस, स्टॉक यांना ती उलट चांगली. कच्ची खायची असेल तर पुढे झाकून पांढरी करण्याबद्दल लिहीन.

बी अतिशय बारीक असतं, एका ग्रॅममध्ये दोन ते अडीच हजार. दहा झाडं हवी असतील तर साठ-सत्तर बिया पुरतात. पाकीट उघडल्यावर उरलेलं बी हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलेलं बी आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात मान टाकतं.

स्वयंपाकघर_अलिबाग

बरं झालं काढलात. दोन प्रश्न. किराणा दुकानात मसाल्याची सेलरी सीड मिळते, ती पेरली तर? आणि बाजारच्या जुडीचा बुडखा पाण्यात ठेवून नवं झाड करतात, ते का नको?

पातेरा

ताई, मसाल्याचं बी उगवू शकतं. सेलरीचं बी निर्यात करणाऱ्यांत भारत आघाडीवर आहे, आणि त्यातला मोठा भाग पंजाबात पिकतो. पण ती जात निवडलेली असते बियांसाठी, दांड्यांसाठी नाही. झाड बारीक दांड्यांचं, पानाळ होतं. शिवाय ते बी किती जुनं, उन्हात किती तापलेलं, काहीच कळत नाही. पानांपुरतं हवं असेल तर चिमूटभर पेरून बघायला हरकत नाही. फक्त अजमोदा म्हणून जे मिळतं ते घेऊ नका. त्या नावाने दुसऱ्याच झाडाचं बी पुष्कळ ठिकाणी विकतात.

बुडखा: मधला कोंब फुटतो, आठ-दहा पानं येतात, मुळंही सुटतात. पण ते झाड आधीच वयाचं असतं. जाड दांडे धरत नाही. महिनाभर पानं मिळतील, एवढंच.

आणि एक उलटी खबरदारी. बियांच्या पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते मसाल्यात वापरायचं नाही आणि हाताळल्यावर हात धुवायचे.

वळचण

जातींबद्दल. पाकिटावर बहुतेक वेळा टॉल युटा किंवा गोल्डन सेल्फ ब्लांचिंग असतं. टॉल युटा हिरवी, उशिरा तयार होणारी. गोल्डन फिकट, झाकायची गरज कमी, पण दांडे लवकर पोकळ होतात. मूळ खायची सेलरियाक कोकणात करूच नका, तिला याहून लांब थंडी लागते. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी पानसेलरी लावा. चायनीज सेलरी, लीफ सेलरी अशा नावांनी मिळते. दांडा बारीक आणि पोकळ असतो, उष्णता जास्त सोसते, लावणीनंतर ६०-७० दिवसांत कापायला येते आणि कापली की पुन्हा फुटते.

घाटपायथा

पानसेलरीला अनुमोदन किनाऱ्यासाठी. पण देवरुख, संगमेश्वर, साखरपा या पट्ट्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, रात्री किनाऱ्यापेक्षा बऱ्याच खाली जातात. तिथे टॉल युटा करायला काहीच हरकत नाही. दापोलीचा सडाही (कातळाचं पठार) त्यातलाच, समुद्र जवळ असूनही थंडी चांगली. आंबोलीला तर आणखी सोपं, फक्त तिथे पाऊस लांबतो म्हणून रोपं छपराखालून उशिरा बाहेर काढा. सगळ्या कोकणाला एकच नियम लावू नका.

वळचण

मान्य. आता पेरणी, कारण निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं.

सेलरीच्या बियांना रुजायला उजेड लागतो. मातीत पुरलं की संपलं. दुसरं, २५ अंशांच्या वर बी झोपी जातं. मेलेलं नसतं, पण उगवत नाही. लोक तीन आठवडे थांबतात आणि बी खराब निघालं म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात.

कृती अशी. बी सुती कापडात बांधून २४ तास साध्या पाण्यात भिजवा, पाणी तीनदा बदला. बियांच्या सालात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती या पाण्याबरोबर जातात. मग ओल्या टिशू पेपरवर पसरून झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सात दिवस. फ्रीझरमध्ये नाही.

ट्रेसाठी मिश्रण: धुतलेलं कोकोपीट तीन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, बारीक वाळू एक भाग. किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड) मिसळून दोन दिवस ओलसर ठेवा. ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर थर पुरतो. पृष्ठभाग फळीने दाबून सपाट करा, कारण खळग्यात गेलेलं बी बुडतं आणि उंचवट्यावरचं सुकतं. फ्रिजमधलं बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून वरून भुरभुरवा आणि पुन्हा फळीने हलकं दाबा. वरून माती नाही. पाणी खालून: ट्रे परातीत ठेवून परातीत पाणी घाला, पृष्ठभाग काळा पडला की उचला. झारी मारली तर बी कोपऱ्यात जाऊन बसतं.

कातळसडा

थंडाव्यासाठी ट्रेखाली ओलं पोतं आणि बाजूला माठ ठेवला की काम होतं ना? सगळीकडे तेच लिहिलेलं असतं.

वळचण

देशावर होतं. पोतं किंवा माठ थंड होतो तो पाणी वाफ होऊन उडतं म्हणून. सप्टेंबरात आपल्याकडे हवेतच ८०-९० टक्के दमटपणा, पाणी उडणार कुठे? एखाद्या अंशाचा फरक पडतो, त्याने भागत नाही.

इथे मासळीचा थर्माकोलचा खोका वापरा. धुऊन उन्हात वाळवलेला. तळाशी एक लिटरची पाण्याची बाटली बर्फ करून आडवी ठेवा, तिच्या दोन्ही बाजूंना विटा उभ्या, विटांवर ट्रे. वरून थर्माकोलचं झाकण न लावता स्वच्छ प्लास्टिक ताणून बांधा म्हणजे उजेड आत जातो. बाटली सकाळ-संध्याकाळ बदलायची. आत १८ ते २२ अंश राहतात. कोळंबीच्या टाकीत लावतात तसला काचेचा थर्मामीटर आत ठेवा म्हणजे अंदाजाचं काम नको. खोका उत्तरेकडच्या पडवीत, थेट ऊन अजिबात नाही. प्लास्टिकखाली ऊन गेलं तर अर्ध्या तासात आत चाळीस अंश होतील. रात्री थोडं थंड, दिवसा थोडं उबदार असा फरक राहिला तर तो चांगलाच, या बियांना तो आवडतो.

पहिले कोंब दहाव्या ते चौदाव्या दिवशी. केसाएवढे असतात, चष्मा लावून बघा. निम्मे दिसले की प्लास्टिक काढा आणि बाटली बंद. एकदा रुजलं की २६-२७ अंशांत रोप वाढतं.

खाडीकाठ

कोकोपीट "धुतलेलं" हा शब्द कुणी नजरेआड करू नका. आपल्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवून काथ्या काढायची पद्धत आहे. तिथला भुसा फुकट मिळतो पण मिठाने भरलेला असतो. विटेचं कोकोपीटही तपासा. बादलीत भिजवा, रात्रभर ठेवा, पिळा, पाणी फेका, असं तीनदा. शेवटच्या पाण्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर बुडवा. पिण्याच्या पाण्यापेक्षा शे-दोनशेच जास्त दाखवला तर वापरा. शेवटच्या धुण्याला पाच लिटरमध्ये वीस ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून रात्रभर ठेवून पिळलं तर सोडियम आणखी निघतं.

विहिरीचं पाणीही तसंच. पावसाळ्यात गोडं असलेलं पाणी खाडीलगत मार्च-एप्रिलला मचूळ होतं. टीडीएस ७५० च्या वर गेला की सेलरीची वाढ खुंटायला लागते, पानांच्या कडा जळतात. गंमत अशी की हिची रानटी बहीण युरोपात किनाऱ्यालगतच्या खारट दलदलीत वाढते. आपण लावतो ती लाडावलेली आहे, आणि रोप तर जरासुद्धा मीठ सोसत नाही. रोपवाटिकेपुरतं सप्टेंबर-ऑक्टोबरात पन्हळीचं पाणी पिंपात धरून ठेवा. पहिल्या वाहत्या पावसाने कौलं धुऊन निघाल्यावरचं.

मालवणी_झारी

माझी रोपां उगावली, बरी दिसत होती, आणि दोन दिसांत सगळी आडवी पडली. बुडाक दोऱ्यासारखी बारीक झाली. आता काय करूचा?

पातेरा

बुडाशी पिचून आडवी पडलेली रोपं उठत नाहीत, ती काढून टाका. ही रोपांची मर, जमिनीतल्या बुरशीने येते. आजूबाजूची उभी रोपं मात्र वाचतील: ट्रेला वरून पाणी देणं ताबडतोब बंद, झाकण असेल तर काढा, टेबलफॅन सगळ्यात हळू वेगावर दोन-तीन तास, आणि ट्रायकोडर्मा लिटरला पाच ग्रॅम कालवून खालून द्या. मोकळ्या झालेल्या जागेवर कोरडी बारीक वाळू भुरभुरवा.

मर येण्याची कारणं आपल्याकडे तीनच दिसतात. दाट पेरणी. न कुजलेलं शेणखत. आणि पागोळ्यांचं पाणी: ट्रे वळचणीला ठेवला की खळ्यातली माती उडून रोपांवर बसते, तिच्याबरोबर बुरशी. भिंतीपासून आत, जमिनीपासून गुडघाभर उंच ठेवा.

दुसरा शत्रू लाल मुंग्या. रुजायच्या आधीच बी उचलून नेतात आणि आपल्याला वाटतं उगवलंच नाही. ट्रेखालच्या विटा पाणी भरलेल्या ताटल्यांत ठेवा.

स्वयंपाकघर_अलिबाग

फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवल्याने झाड थंडी "लागली" समजून लवकर फुलावर येत नाही का? सेलरी थंडीनंतर फुलते असं वाचलं.

घाटपायथा

चांगला प्रश्न. सेलरीत थंडीचा हिशेब बियांपासून सुरू होत नाही. रोप ठरावीक मोठं झालेलं असेल आणि मग ते दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली आठवडे काढेल, तर तुरा येतो. भिजवलेलं बी फ्रिजमध्ये ठेवून तसं होत नाही. किनाऱ्यावर इतकी सलग थंडीच नाही, त्यामुळे तुऱ्याची भीती कमी. त्याच कारणाने घरचं बी धरायचाही नाद सोडा, दरवर्षी पाकीट घ्या.

वळचण

पुढचा टप्पा. दोन खरी पानं (पहिली दोन लांबट दलं सोडून, सेलरीसारखी दातेरी) आली की रोपं सुटी करायची. साधारण पाचवा आठवडा. आइस्क्रीमच्या काडीने मुळासकट उचला, पानाला धरा, देठाला नाही. देठ चेपला की रोप गेलं. छोट्या पेल्यांत किंवा ५० खणांच्या ट्रेमध्ये एकेक. मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे. तो पुरला की कुजतो. सकाळचं दोन तास ऊन, बाकी उजेड. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन लागू देऊ नका, तो महिना सेलरीला मे इतकाच वाईट.

रोपं लांबोडी होऊन कलंडायला लागली तर वरून सात-आठ सेंटिमीटरवर कात्रीने छाटा. मुळं बळावतात. खत या काळात फार हलकं: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा.

दहा-बारा सेंटिमीटर उंच, चार-पाच पानं झाली की लावणी. त्याआधी आठवडाभर रोज तासभर वाढवत उन्हात न्या. पाणी तोडून रोपं कणखर करायची पद्धत टोमॅटोला ठीक आहे. सेलरी एकदा तहानली की तो दांडा पुढे चिवटच निघतो.

कातळसडा

जमीन जांभ्याची आहे. खाली कातळ, वर वीतभर माती. जमेल का?

पातेरा

वीतभर पुरते. सेलरीची मुळं उथळ, बहुतेक वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्येच असतात. अडचण खोलीची नाही, दुसरी आहे. जांभ्याची माती आंबट, पीएच साधारण ५ ते ६, आणि अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाने तिच्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बोरॉन धुऊन नेलेलं. सेलरीला नेमकी हीच तीन हवीत, आणि पीएच ६ ते ६.८.

पाऊस थांबला की, म्हणजे लावणीच्या महिनाभर आधी, चौरस मीटरला २०० ग्रॅम शेतीचा चुना (चुनखडीची पूड) वरच्या वीतभर मातीत मिसळा. पानाला लावायचा किंवा भिंतीला द्यायचा चुना कडक असतो, तो वापरणार असाल तर निम्मा. शेणखत त्याच दिवशी मिसळू नका, खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. दोन आठवडे मध्ये जाऊ द्या. मग चौरस मीटरला पूर्ण कुजलेलं शेणखत पाच-सहा किलो. अर्धवट कुजलेल्यात हुमणी येते आणि एका रात्रीत रोप खालून कापते.

बोरॅक्स चौरस मीटरला एक ग्रॅम, बादलीभर पाण्यात विरघळवून, हंगामात एकदाच. एकच ग्रॅम. चमचा मोजून "थोडं जास्त बरं" असं केलंत तर पानांच्या कडा जळतील आणि पुढचं पीकही बसेल. छोटा वजनकाटा नसेल तर बोरॅक्स टाकूच नका.

शक्य असेल तर कृषी विद्यापीठाकडे माती तपासून घ्या. दापोलीचं विद्यापीठ १९७२ पासून याच मातीत काम करतंय. अहवालात पीएच आणि चुन्याचं प्रमाण आलं की माझे आकडे बाजूला ठेवून त्यांचे वापरा.

वळचण

कुंडीवाल्यांसाठी: एका झाडाला १२ लिटरची, खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. माती तीन भाग, कोकोपीट तीन, शेणखत किंवा गांडूळखत तीन, वाळू एक, आणि मूठभर चुनखडीची पूड. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हाने तापतात; बाहेरून गोणपाट गुंडाळा.

जमिनीत अंतर २५ सेंटिमीटर, दोन ओळींत ४०. लावणी संध्याकाळी. जागा अशी की सकाळी अकरापर्यंत ऊन आणि मग सावली. पोफळीच्या आगरात कडेची ओळ उत्तम असते. मोकळ्या सड्यावर ५० टक्के शेडनेट हवंच. ते नसेल तर चार बांबूंवर माडाच्या झावळ्या, दाट नाही, फटी ठेवून. समुद्राकडून वारा थेट येत असेल तर त्या बाजूला झावळ्यांचाच झाप बांधा. खारा वारा पानांची टोकं जाळतो आणि लोक ते करपा समजून औषधं मारत बसतात.

पाणी हा सगळ्याचा कणा. माती कधीही सुकता कामा नये, साचताही कामा नये. जमिनीत झाडाला रोज दीड-दोन लिटर. कुंडीला डिसेंबरात एकदा, फेब्रुवारीत सकाळ-संध्याकाळ. आळ्यात सात-आठ सेंटिमीटर पातेरा (वाळलेला पाला) घाला, पण मधल्या कोंबापासून चार बोटं लांब. आंब्या-फणसाचा पातेरा चालतो, तो लवकर कुजत नाही हा फायदाच. काजूचा शक्यतो टाळतो मी, ओला झाला की थर घट्ट बसतो.

खत: लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ लिटरला तीन ग्रॅम, झाडाला अर्धा लिटर. सेंद्रिय करणाऱ्यांनी दर दहा दिवसांनी जीवामृत एकास दहा पाणी. सुक्या मासळीची कुटी उत्तम खत आहे, पण उघडी ठेवली की मांजरं आणि घोरपड वाफा उकरतात; मातीत चार बोटं खाली गाडा.

मालवणी_झारी

उरलेली रोपां वाचली, आता लावलंय. पण मधली नवी पानां काळी पडतत, बाहेरची हिरवीगार. रोग म्हणान फवारणी केलंय, फरक नाय.

पातेरा

फवारणी थांबवा. बाहेरची पानं ठणठणीत आणि फक्त गाभ्यातली कोवळी पानं टोकापासून काळी, हा कॅल्शियमचा तुटवडा. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं आणि मोठी पानं ते ओढून घेतात. पाणी एक दिवस कमी, एक दिवस जास्त झालं की कोवळ्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही. मातीत भरपूर असलं तरी. युरिया घातला असेल तर आणखीच, कारण झाड भराभर वाढतं आणि मागणी वाढते.

युरिया बंद. पाणी रोज ठरल्या वेळी. कॅल्शियम नायट्रेट लिटरला तीन ग्रॅम, संध्याकाळी थेट गाभ्यात उतरेल असं फवारा, आठवड्याने एकदा, तीन वेळा. काळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत. ती चिमटून काढा नाहीतर त्यात जिवाणू शिरून गाभा सडतो आणि वास सुटतो. ही सड लागली की झाड उपटा.

आणि कॅल्शियम नायट्रेट १९:१९:१९ मध्ये किंवा एप्सम सॉल्टमध्ये (मॅग्नेशियम सल्फेट) एकत्र कालवू नका. तळाशी पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातात. चार दिवसांचं अंतर ठेवा.

बाकी लक्षणं थोडक्यात: जुनी पानं शिरांमध्ये पिवळी, शिरा हिरव्या, तर मॅग्नेशियम, एप्सम सॉल्ट लिटरला पाच ग्रॅम फवारा. दांड्याच्या आतल्या बाजूला तपकिरी आडव्या भेगा, तर बोरॉन. दांडा कापल्यावर आत स्पंजासारखा पोकळ, तर तहान किंवा वय, आणि त्याला इलाज नाही.

खाडीकाठ

करप्याबद्दल लिहा कुणीतरी. आमच्या भागात डिसेंबरात धुकं आणि दव असतं.

घाटपायथा

पानांवर छोटे तपकिरी ठिपके आणि त्यात काळे, टाचणीच्या टोकाएवढे दाणे दिसले तर सेप्टोरियाचा करपा. ही बुरशी बियांवरूनच येते. म्हणून बिनऔषधाचं बी असेल तर भिजवण्याआधी ४८ अंशांच्या पाण्यात ३० मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात काढा. थर्मामीटर लावून, ५२-५३ ला गेलं तर बी उकडलं. दोन-तीन वर्षं फ्रिजमध्ये नीट राहिलेल्या बियांवर ही बुरशी सहसा जिवंत राहत नाही, उगवण मात्र थोडी घटते.

झाडावर दिसल्यावर ती पानं कोरड्या वेळी, दव उडाल्यावर काढून जाळा. पाणी पानांवर नाही, बुडाशी. रोप ओलं असताना वाफ्यात हात घालू नका, हाताने पसरतो. फारच वाढला तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, आणि लेबलवर दिलेल्या मुदतीआधी तोडणी नाही.

मावा फेब्रुवारीत येतो, कोंबाच्या आत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराच जातो. निमतेल लिटरला पाच मिली, दोन थेंब साबण, सूर्यास्तानंतर. पानात वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा म्हणजे नागअळी, ती पानं तोडा. गोगलगायी ऑक्टोबरपर्यंत रोपवाटिकेत त्रास देतात: रात्री टॉर्च घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात मात्र शिंपडू नका, त्याबद्दल खाडीकाठ यांनी वर लिहिलंच आहे.

स्वयंपाकघर_अलिबाग

पांढरी करायचं राहिलं. आणि तोडायची कशी?

वळचण

झाड ३०-३५ सेंटिमीटर झालं की दांडे सुतळीने सैल बांधा आणि भोवती तपकिरी पुठ्ठ्याचं किंवा सुपारीच्या विरीचं नळकांडं, वर फक्त पानांचा शेंडा बाहेर. दोन आठवडे. वर्तमानपत्र दवाने लगदा होतं. मातीची भर घालायची जुनी पद्धत आपल्या दमट हवेत नको, दांड्यांत माती जाऊन सड येते. नळकांड्यात रोज सकाळी एकदा डोकावा. आत गोगलगाय आरामात राहते. झाकल्याने कडवटपणा कमी होतो, वासही थोडा कमी होतो. पानसेलरीला हा खटाटोप नको.

तोडताना बाहेरचे दांडे आधी, बुडाशी आडवं ओढून. एका वेळी तिनापेक्षा जास्त नको, आत किमान सहा राहिले पाहिजेत. सकाळी लवकर काढलेले दांडे कडक असतात, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दहा दिवस टिकतात. मरगळले तर अर्धा तास गार पाण्यात उभे ठेवा.

पातेरा

सकाळी काढणार असाल तर हातमोजे घाला किंवा लगेच साबणाने धुवा. सेलरीच्या रसात फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं असतात; रस त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग काही महिने राहतात. बुरशी लागलेल्या, गुलाबीसर सडलेल्या दांड्यांत ती जास्त असतात. लहान मुलांना वाफ्यात तोडायला पाठवू नका. ज्यांना सेलरीची ॲलर्जी आहे त्यांनी तर लांबच राहावं, ती साधी नसते.

कातळसडा

मार्चमध्ये काय करायचं? शेडनेट दुप्पट केलं तर एप्रिल निघेल?

वळचण

पानसेलरी निघेल, तीही पाणी गोडं असेल तर. दांड्याची सेलरी होळीच्या आत सगळी कापा. बारीक चिरून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, बर्फाच्या पाण्यात काढून निथळून फ्रीझरमध्ये. सूपला वर्षभर पुरते. पानं सावलीत वाळवून चुरा करून मिठात मिसळा.

त्या वाफ्यात लगेच कोथिंबीर, गाजर किंवा बडीशेप नको. एकाच कुळातली आहेत, करपा आणि मावा तिथेच वाट बघत असतात. चवळी किंवा लाल माठ टाका.

मालवणी_झारी

आणि माठाक पाणी मचूळ चालात?

खाडीकाठ

माठ सेलरीपेक्षा बराच सोशिक, हजाराच्या आसपास टीडीएस असला तरी होतो. पण बी टाकताना आणि पहिले आठ दिवस गोडंच द्या.